गिटारसाठी कमी वॉटचे व्हॉल्व्ह हेड निवडताना

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला एका फ्लॅटमध्ये राहतो. आमचा चार जणांचा ग्रूप आहे. आम्ही जुनी हिंदी चित्रपटगीते, ब्लूज आणि थोडेफार रॉक वाजवतो. आतापर्यंत ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या छोट्या प्रॅक्टिस अँपवर भागवले. आता व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारे) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अँप, आणि स्पीकरचे वेगळे कॅबिनेट घ्यायचे ठरवले आहे. घरी सराव, शनिवार-रविवारी ड्रमरच्या घरी तालीम, आणि अधूनमधून नाट्यगृहात किंवा गणेशोत्सवात मंडपात कार्यक्रम, असा वापर राहील. माझ्याकडे एक ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे) आणि एक डिले (प्रतिध्वनी देणारे) पेडल आहे. दुकानदार ५० वॉटचे हेड घ्या म्हणतात, मित्र म्हणतो ५ वॉट पुरे. तिन्ही ठिकाणी चालेल असे एकच हेड कोणते घ्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदार आणि मित्र या दोघांचेही म्हणणे वॉटच्या आकड्यावर अडले आहे, म्हणून आधी त्या आकड्याचा हिशेब मांडतो. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढी वाढ कानाला कळते, पण फार मोठी वाटत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजेच वॉट दहापट करावे लागतात. त्यामुळे एकाच स्पीकरवर लावलेले ५० वॉटचे हेड ५ वॉटच्या हेडपेक्षा कानाला दुपटीच्या आसपासच मोठे वाटते, आणि १५ व ३० वॉटमधला फरक तर ड्रमरने हात थोडा सैल सोडला की बुडून जातो.

यात स्पीकरही धरावा लागतो. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा १२ इंची स्पीकर १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज देतो, म्हणजे अर्धा वॉट दिला तरी ९७ डेसिबल होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंती आणि अंतर यांमुळे शेजाऱ्यांपर्यंत पोहोचणारा आवाज बराच खाली येतो हे खरे. तरीही पूर्ण उघडलेले ५ वॉटचे हेड फ्लॅटमध्ये वाजवता येईल, हा आपल्या मित्राचा समज चुकीचा आहे. घरासाठी ५ वॉटही जास्तच होतात.

मग वॉटवर ठरते काय, तर स्वच्छ आवाज कुठपर्यंत टिकतो ते. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचे माथे एकदम कापले जात नाहीत, ते हळूहळू दबत जातात, आणि त्यातून जो खरखरीत, भरीव आवाज (डिस्टॉर्शन) निघतो त्यासाठीच आपण सगळे व्हॉल्व्हच्या मागे लागतो. पण तो हवा तेव्हा निघाला पाहिजे. एकाच ईएल ८४ व्हॉल्व्हवर चालणारे ५ वॉटचे हेड ड्रमच्या बरोबरीने वाजवायला घेतले की त्याचा आवाज लवकर फाटू लागतो, आणि मग जुन्या हिंदी गाण्यातले मोकळे, सुटे सुटे कॉर्ड वाजवायला जागाच उरत नाही. आपल्या यादीत ती गाणी सर्वांत आधी आली आहेत, म्हणून मी ५ वॉटचा विचार सोडून द्यायला सांगेन. ५० वॉटचे हेड मात्र आपल्याला कुठेच खऱ्या अर्थाने उघडता येणार नाही: घरी नाही, तालमीत नाही, आणि नाट्यगृहात तर साउंडवाले कॅबिनेटपुढे माईक लावतातच, त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत आवाज नेण्याचे काम हेडकडे राहतच नाही. आपल्यासाठी १५ ते २० वॉट हा पल्ला योग्य आहे.

या पल्ल्यात शेवटच्या टप्प्याला कोणते व्हॉल्व्ह आहेत याकडे लक्ष द्यावे. ईएल ८४ ची जोडी साधारण १५ ते १८ वॉट देते. तिचा आवाज चमकदार, वरच्या मध्य सुरांत पुढे येणारा आणि लवकर विरघळणारा असतो. व्हॉक्सच्या एसी १५ आणि एसी ३० या अँप्लिफायरांनी तो जगभर पोहोचवला. ईएल ३४ हा मार्शलच्या रॉक आवाजाशी जोडला गेलेला व्हॉल्व्ह आहे. त्याचा मध्य भाग दाट आणि खालचे सूर घट्ट असतात. ६ व्ही ६ आणि ६ एल ६ हे अमेरिकी वळणाचे व्हॉल्व्ह असून फेंडरच्या अँप्लिफायरांतून त्यांची ओळख झाली, आणि स्वच्छ, घंटेसारख्या खणखणीत आवाजासाठी अजूनही त्यांचेच नाव घेतले जाते. हे वर्णन ढोबळ आहे. सुरुवातीच्या टप्प्यातले ईसीसी ८३ व्हॉल्व्ह, टोनचे सर्किट आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांचा आवाजातला वाटा तितकाच मोठा असतो, म्हणून केवळ व्हॉल्व्हचा क्रमांक वाचून हेड घेऊ नये.

एकाच हेडवर तिन्ही ठिकाणे सांभाळायची तर माझ्या मते चार गोष्टी अत्यावश्यक आहेत. पहिली म्हणजे गेन (सुरुवातीच्या टप्प्यात सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) आणि मास्टर व्हॉल्यूम (शेवटी बाहेर पडणारा एकूण आवाज) वेगवेगळे असणे, कारण त्याशिवाय घरी कमी आवाजात डिस्टॉर्शन आणता येत नाही. दुसरी, पायाने बदलता येणारे दोन चॅनल, म्हणजे वेगवेगळे लावून ठेवलेले दोन आवाज. ध्रुवपद स्वच्छ आणि मधला तुकडा तापलेल्या आवाजात घ्यायचा असेल तर वाजवता वाजवता बटणे फिरवत बसणे शक्य नसते. तिसरी, इफेक्ट्स लूप, म्हणजे हेडच्या सुरुवातीच्या टप्प्यानंतर पेडल जोडण्याची सोय. आपले डिले पेडल गिटार आणि हेडच्या मध्ये लावले, तर त्याचे प्रतिध्वनी हेडच्या डिस्टॉर्शनमधून जातात आणि एकमेकांत मिसळून चिखल होतो. लूपमध्ये लावले, तर आधी डिस्टॉर्शन आणि त्यानंतर प्रतिध्वनी असा योग्य क्रम लागतो. ओव्हरड्राइव्ह पेडल मात्र हेडच्या आधीच राहू द्यावे. चौथी गोष्ट म्हणजे ताकद कमी करण्याचा स्विच. यावर लोक फार भिस्त ठेवतात, म्हणून सांगतो की २० चे १० वॉट केल्याने वर सांगितल्याप्रमाणे फक्त ३ डेसिबल कमी होतात. घरासाठी उपयोग व्हायचा असेल तर हा स्विच १ वॉटच्या आसपास किंवा त्याखाली उतरणारा हवा.

आता नावांकडे येतो. मार्शलचे डीएसएल २० एचआर हे ईएल ३४ च्या जोडीवर चालणारे २० वॉटचे हेड आहे. दोन चॅनल, रिव्हर्ब (आवाज घुमवण्याची सोय), लूप सारे काही आहे, रॉकसाठी उत्तम आहे. मात्र दोन्ही चॅनलना टोनची बटणे सामाईक असल्यामुळे स्वच्छ चॅनल मनासारखा लावला की दुसरा तीक्ष्ण होतो, आणि ताकद १० वॉटपर्यंतच उतरते. त्याच कंपनीचे ओरिजिन २० एच हे एका चॅनलचे, साधे, पेडलांशी फार छान जुळणारे हेड असून ते २०, ३ आणि अर्धा वॉट अशा तीन पायऱ्यांवर चालते. ऑरेंजचे रॉकर १५ टेरर हे ईएल ८४ वर चालते, त्यात १५, ७, १ आणि अर्धा वॉट अशा पायऱ्या आहेत, लूपही आहे. पण त्याच्या स्वच्छ चॅनलला आवाजाचे एकच बटण आहे. ते ज्यांना रुचते त्यांना फारच रुचते, इतरांना अडल्यासारखे होते. ब्लॅकस्टारच्या एचटी २० आरएच मार्क २ मध्ये ईएल ८४ ची जोडी, दोन चॅनल, रिव्हर्ब, लूप आणि २० वरून २ वॉटवर येण्याची सोय आहे.

आपला वापर पाहता माझा कौल ओरिजिन २० एच किंवा ब्लॅकस्टारकडे जातो, आणि त्यातही आपल्याकडे चांगले ओव्हरड्राइव्ह पेडल असल्यामुळे मी ओरिजिन निवडले असते. दोन चॅनल अत्यावश्यक म्हणून लगेच एका चॅनलचे हेड सुचवतो आहे, हे आपल्याला विसंगत वाटेल. परंतु दुसऱ्या चॅनलचे काम पेडल करू शकते, तर हेडचा मूळ स्वच्छ आवाज कोरडा असेल तर त्यात जीव ओतणारे पेडल मला अजून तरी भेटलेले नाही. रॉक वाढवायचा विचार असेल, किंवा पायाखाली पेडलांची गर्दी नको असेल, तर ब्लॅकस्टार घ्यावे.

घेण्यापूर्वी स्वतः वाजवून पाहणे आवश्यक आहे, मग त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागली तरी चालेल. आपली स्वतःची गिटार न्या. टोनची सर्व बटणे मध्यावर ठेवा, रिव्हर्ब बंद करा, पेडल लावू नका. गिटारचा व्हॉल्यूम ३ वर ठेवून एक साधा ई मेजर कॉर्ड सहाही तारांवर सावकाश ओढा आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का पाहा. मग हेडला हात न लावता गिटारचाच व्हॉल्यूम १० वर न्या आणि तोच कॉर्ड जोरात मारा. आवाज तापावा, पण खालची जाड तार लिबलिबीत होऊ नये आणि वरच्या दोन तारा कानाला बोचू नयेत. यानंतर नखाचा जोर कमी-जास्त करून एकच सूर वाजवत राहा. जे हेड हाताच्या जोराप्रमाणे उघडते आणि मिटते, ते आपल्याला अनेक वर्षे साथ देईल. दुकानदाराने आधीच लावून ठेवलेला गेन आणि रिव्हर्बचा साज ऐकून निर्णय घेऊ नका.

रात्री हेडफोनवर सराव करण्याचा मोह होईल, म्हणून एक इशारा. व्हॉल्व्हचे हेड स्पीकर न जोडता वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर त्यात फार उंच व्होल्टेज उसळते आणि ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्ह जळू शकतो. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. स्पीकरऐवजी लोड बॉक्स (स्पीकरसारखाच भार देणारी पेटी) जोडावा, आणि त्याचा ओहमचा (विद्युत अडथळ्याच्या मापाचा) आकडा हेडच्या सॉकेटशी जुळतो याची खात्री करावी. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकरची जाड वायर वापरावी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतून बारीक असते आणि तेवढा करंट वाहून न्यायला ती केलेली नसते.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेतून येताना तिथले वापरलेले १५ वॉटचे व्हॉल्व्ह हेड आणणार आहे. ते साताऱ्यात वापरता येईल का? व्हॉल्व्ह गेले तर मिळतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वापरता येईल, पण थेट प्लगमध्ये घालू नका. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. काही हेडच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही व्होल्टेजची टोके दिलेली असतात आणि जाणकार तंत्रज्ञ जोडणी बदलून, फ्यूजही योग्य क्षमतेचा घालून ते आपल्याकडे चालवून देऊ शकतो. तशी टोके नसतील तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. हेडच्या मागच्या पट्टीवर ते किती वीज ओढते ते लिहिलेले असते. हा आकडा १५ वॉटपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवायलाच बरीच वीज जाते. स्टेप-डाउन त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. ५० हर्ट्झवर मात्र उपाय नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून पहिले काही दिवस तासाभराने हात लावून पाहावे आणि हेड भिंतीला किंवा पडद्याला चिकटून ठेवू नये.

आपल्याकडे वीजदाब वरखाली होतो आणि मंडपात जनरेटर असला तर आणखीच, त्यामुळे स्टॅबिलायझर आवश्यक समजावा. व्हॉल्व्हचे फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालते आणि मूळ दाब १० टक्के चढला की तेही तेवढेच चढते, त्यामुळे व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. याहूनही महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करण्याची खोड काही ठिकाणी अजून आहे. अशा ठिकाणी एका हाताने तारा धरून ओठ माईकला लागले, तर बसणारा धक्का जीवघेणा ठरू शकतो. सभागृहात पोहोचल्यावर सॉकेटचे अर्थिंग टेस्टरने तपासून घेण्याचा आग्रह धरावा, आयोजकांना वाईट वाटले तरी चालेल.

व्हॉल्व्ह मिळतात. स्लोव्हाकियात जेजे कंपनी आणि रशियात सारातोव्हचा कारखाना ईसीसी ८३, ईएल ८४, ईएल ३४ आजही बनवतात, आणि ते ऑनलाइन मागवता येतात. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह तयार होत. जुन्या रेडिओची दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या मेस्त्रींच्या खणात अजून खोक्यातला ईएल ८४ निघू शकतो, कारण अनेक व्हॉल्व्ह रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात तोच असे. अशा मेस्त्रींशी ओळख ठेवा. उंच व्होल्टेज हाताळण्याची सवय त्यांना असते, आणि हेडच्या आत ३०० व्होल्टच्या वर दाब असून बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो, म्हणून हेड स्वतः उघडू नये. व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस (व्हॉल्व्हमधून मुळात किती करंट वाहावा याची जुळवणी) तपासावा लागेल का, हे मात्र घेतानाच विचारून ठेवावे: ईएल ८४ ची बरीच हेड कॅथोड बायसची असतात आणि त्यांना तशी जुळवणी लागत नाही, तर ईएल ३४ च्या अनेक हेडना लागते.

प्रश्न : हेड घेतले आहे, कॅबिनेट मात्र फार महाग पडते. इथल्या सुताराकडून करून घेतले तर आवाजात फरक पडेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अवश्य करून घ्या. मिरजेच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, की तंबोऱ्याला तार कितीही चांगली लावली तरी भोपळा आणि तबली यांवाचून ती बोलत नाही. स्पीकर आणि पेटीचेही तसेच आहे. पार्टिकल बोर्ड किंवा सनमायका लावलेले उरलेसुरले तुकडे वापरू न देता १८ मिलिमीटरचा चांगला प्लायवुड घ्यावा, सांधे खिळ्यांऐवजी फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के करावेत, आणि स्पीकरचे भोक कंपनीच्या माहितीपत्रकातील मापानेच पाडावे. पाठ पूर्ण बंद केली तर आवाज समोर, घट्ट आणि खर्जात भरलेला येतो. पाठीचा मधला भाग उघडा ठेवला तर तो खोलीभर पसरतो आणि स्वच्छ वादनाला खुलतो. पाठीची फळी तीन पट्ट्यांत करून मधली पट्टी स्क्रूने काढता-घालता येईल अशी ठेवली, तर एकाच पेटीत दोन्ही सोयी होतात.

पैसे वाचवायचे ते लाकडात वाचवा, स्पीकरमध्ये नाही. १२ इंची गिटार स्पीकरच घ्यावा. कारचा किंवा पीएचा (सभा-कार्यक्रमांतल्या ध्वनियंत्रणेचा) स्पीकर वरचे सूर वेगळ्या पद्धतीने देतो आणि त्यावर डिस्टॉर्शन माशांच्या घोंघावण्यासारखे ऐकू येते. व्हॉल्व्हचे हेड पूर्ण ताणले की लिहिलेल्या वॉटपेक्षा बरेच जास्त देते, म्हणून १५ वॉटच्या हेडला निदान ३० वॉट झेलणारा स्पीकर लावावा. हेडच्या मागे ८ आणि १६ ओहमची सॉकेट असतील तर स्पीकर त्यांपैकी एका मापाचा घेऊन त्याच सॉकेटमध्ये जोडावा. पुढे दोन स्पीकरची पेटी करायची झाली, तर १६ ओहमचे दोन समांतर जोडले की ८ ओहम होतात, आणि ८ ओहमचे दोन एकामागे एक जोडले की १६. ८ ओहमचे दोन समांतर जोडले तर ४ ओहम होतात, आणि आपल्या हेडला ४ ओहमचे सॉकेट नसेल तर ती जोडणी टाळावी.